पाहण्याचे ऋण

परमेश्वराने पशुपक्षी आदामापुढे आणले व त्याने त्यांस नावे दिली, ही कथा आपल्या शाळेतील लहान वर्गांसही ठाऊक आहे. तथापि तीतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नावे मिळाली ती गुराढोरांस, पाखरांस व वनपशूंस. माशांचा तेथे उल्लेखच नाही. समुद्रातील जीवांवर मनुष्यास सत्ता मिळाली खरी. पण त्यांची ओळख करून घेण्याचे काम जणू पुढील पिढ्यांवर सोपविले गेले. ते आपण कितीसे केले आहे, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी लिस्बन येथील विशाल मत्स्यालयात उभा असता माझ्या मनात आला.

पोर्तुगालची ही राजधानी तेजो नदीच्या मुखाशी वसली आहे. याच नदीतून १४९७ साली वास्को द गामाची जहाजे निघाली व १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यास लागली. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तो १९६१ पर्यंत सोडला नाही. त्या काळी समुद्र म्हणजे मसाल्यांचा व सत्तेचा हमरस्ता. त्या जलप्रवासास ५०० वर्षे झाली तेव्हा, १९९८ साली, लिस्बनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. महासागर हा भावी पिढ्यांचा वारसा आहे, हा त्याचा विषय होता. आणि त्याच प्रदर्शनासाठी हे मत्स्यालय बांधले गेले. ज्या नगरीने एके काळी समुद्रास मालमत्ता मानले तिने त्यास वारसा म्हणावे, हा पालट लहान नव्हे. मालमत्ता भोगावयाची असते. वारसा सांभाळून पुढे द्यावयाचा असतो.

इमारतीची रचनाही हेच शिकविते. पीटर चेर्मायेफ या वास्तुशिल्पज्ञाने मध्यभागी सुमारे ५० लक्ष लिटर पाण्याचा, ७ मीटर खोल हौद योजिला. त्याच्या भोवती उत्तर अटलांटिक, दक्षिण ध्रुवाकडील समुद्र, समशीतोष्ण प्रशांत महासागर व उष्ण हिंदी महासागर यांची चार दालने आहेत. दालनांचे पाणी वेगळे. पण मधल्या पारदर्शक भिंतींमुळे पाहणारास एकच अखंड समुद्र भासतो. नकाशावर आपण महासागरांस चार नावे देतो. पाणी ती सीमा जाणत नाही. हिंदी महासागराच्या दालनापाशी मला मालवणची आठवण झाली. प्रवाळ तेथेही आहेत, आणि ते पाहण्यास आपण किती जण गेलो असू?

प्रशांत महासागराच्या दालनापुढे पाणमांजरे पाहण्यास मुलांची दाटी होती. हा प्राणी पाण्यावर उताणा पडतो, पोटावर दगड ठेवतो व त्यावर शिंपले आपटून फोडतो. त्याची दाट लव हीच त्याची वैरीण झाली. कातड्यासाठी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत त्याची अशी शिकार झाली की, १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्यास अभय मिळाले तेव्हा जगात जेमतेम एक-दोन हजारच उरले असावेत. मनुष्याने हात आखडला, म्हणून आज त्याच्या लीला पाहून मुलांस हसता येते.

मधल्या हौदात मात्र मन अस्वस्थ झाले. तेथे सनफिश नावाचा, शेपूट छाटल्यासारखा दिसणारा वाटोळा मासा होता. पूर्ण वाढला म्हणजे याचे वजन हजार किलोंहूनही अधिक भरते. खुल्या समुद्रात दूरवर फिरणारा हा जीव येथे भिंतीपाशी येई आणि वळे; पुन्हा येई, पुन्हा वळे. इतक्यात एक कुटुंब आले. सर्वांनी हौदाकडे पाठ केली, मोबाइलवर छायाचित्र काढले व ते निघून गेले. त्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. घटकाभरापूर्वी मीही तेच केले होते.

अशी मत्स्यालये बंद करावीत, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणण्यातील दया मला मान्य आहे. परंतु जे कधी पाहिलेच नाही त्याची काळजी मनुष्य सहसा वाहत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून माझे मत असे की, मत्स्यालय असावे. पण तेथे जाणाराने स्वतःस ऋणी समजावे. तिकिटाच्या पैशांत माशांचे अन्न येते, हौदाची निगा राहते. त्यांच्या गेलेल्या स्वातंत्र्याची भरपाई होत नाही. ती अंशतः तरी करावयाची तर एका जीवापुढे दहा मिनिटे स्वस्थ उभे राहावे, त्याचे नाव, अन्न व संकटे जाणून घ्यावीत, आणि घरी परतल्यावर आपल्या वागण्यात काही पालट करावा. एवढे न घडेल तर तो मासा व्यर्थ कोंडला गेला, असेच म्हणावे लागेल.

यासाठी लिस्बनला जाण्याची गरज नाही. पालकांस माझी विनंती आहे की, किनाऱ्यावर जाल तेव्हा ओहोटीच्या वेळी मुलांस खडकांतील डबकी दाखवा. उचललेला दगड पुन्हा होता तसा ठेवावयास शिकवा. बाटलीत भरून घरी काही आणू देऊ नका. बाजारात कोळणीपाशी दोन शब्द बोलू द्या. कोणता मासा कोणत्या ऋतूत येतो, पावसाळ्यात मासेमारी का थांबवितात, हे ती आम्हां शिक्षकांहून अधिक चांगले सांगेल. विद्यार्थिमित्रहो, ताटात वाढलेल्या माशांची नावे तुम्हांस पाठ आहेत. पाण्यात जगणाऱ्यांची दहा नावे येत्या सुट्टीत शिकून या. शाळा उघडल्यावर मी ती तुम्हांस विचारीन.