खाऱ्या टाकीतलं शेवाळ

या महिन्यात उन्हाळ्यातल्या सरबतांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. आमच्या घरात मध्यंतरी एक गोष्ट घडली, ती आधी सांगते.

माझ्या भाच्याला माशांचा नाद. साधे गोड्या पाण्यातले मासे झाले, मग त्याला समुद्रातले हवेसे वाटले. कोल्हारपासून समुद्र केवढा लांब! तरी पठ्ठ्याने ६० लिटरची काचेची टाकी मांडली आणि पुण्याहून समुद्री मिठाची पिशवी व नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आणले. शेजारच्या खाला विचारत होत्या, "घरातलं मीठ टाकलं की झालं ना?" नाही होत. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात स्वयंपाकाच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. म्हणून तयार मिश्रणच घ्यावं लागतं.

पहिले तीन आठवडे टाकीत तपकिरी भुकटीसारखा थर बसला. नव्या टाकीत असं होतंच. पाण्यातल्या सिलिकेटवर वाढणारी ती सूक्ष्म वनस्पती असते आणि बहुधा आपोआप जाते. तशी ती गेलीही. पण एप्रिल लागला आणि दगडांवर हिरवे केस उगवले. अक्षरशः केस, बोटभर लांब. भाचा जुन्या टूथब्रशने घासून काढी, चार दिवसांत पुन्हा तेच. पाण्याच्या पंपाची जाळी गुदमरली, मासे कोपऱ्यात बसू लागले.

शेवाळाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. टाकी खिडकीपाशी होती, ती हलवली. दिवा बारा तास चालू असायचा, तो आठ तासांवर आणला. गोठवलेली कोळंबी तशीच टाकायचा, ती आता गाळणीत धुऊन टाकू लागला, कारण त्या पाण्यात फॉस्फेट असतं. दिवसातून तीनदा चारा देणं बंद करून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतका. दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदलायचं, तेही करून झालं. शेवाळ थोडं कमी झालं, गेलं मात्र नाही.

कोणीतरी शेवाळ मारायचं औषध सुचवलं. मी नको म्हटलं. शेवाळ एकदम मेलं तर ते टाकीतच कुजतं, पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पोटातलं सगळं खत परत पाण्यात सोडतं. शिवाय अशा काही औषधांत तांबं असतं, त्याने गोगलगायी आणि शंखातले खेकडे मरतात. शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर काढलं, तरच ते खत खरोखर घराबाहेर जातं.

आता कोडं असं की, भाच्याकडे पाणी तपासायचं किट होतं. टाकीतलं पाणी तपासलं की नायट्रेट जवळजवळ शून्य. "फुफू, खतच नाही तर हे वाढतंय कशावर?" असं तो मला विचारायचा. उत्तर त्याच्याच प्रश्नात होतं. शेवाळ ते खाऊन टाकत होतं, मग पाण्यात दिसणार कसं? पातेल्यात भात उरला नाही म्हणजे घरात भात शिजलाच नाही असं होत नाही. टाकी सोडून टाकीत ओततो ते पाणी तपास, एवढंच मी म्हटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसला जातो. पाणी थंड राहावं म्हणून त्याने टाकीवर छोटा पंखा लावला होता. पंख्याने पाणी गार होतं, पण उडतंही भराभर. रोज दीड लिटर तरी कमी व्हायचं. मीठ उडत नाही, म्हणून भर साध्या पाण्याची घालायची असते, हे त्याला माहीत होतं. ते साधं पाणी म्हणजे आमचं बोअरचं.

किटच्या नळीत बोअरचं पाणी घेऊन थेंब टाकले. टाकीच्या पाण्याला पिवळट रंग यायचा. हे लालभडक झालं, रंगाच्या कागदावर ४५ च्या बरंच पुढे. हिशेब करून बघा. लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट धरलं आणि रोज दीड लिटर ओतलं, तर महिन्यात सव्वादोन हजार मिलिग्रॅम टाकीत पडतं. उडून जातं ते निव्वळ पाणी, नायट्रेट मागेच राहतं. ६० लिटरच्या टाकीत लिटरमागे सदतीस मिलिग्रॅमची भर. प्रवाळाच्या समुद्रात ते एक मिलिग्रॅमही नसतं.

यात नवल काही नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, मग ऊस आला, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या पाण्यावर आणि उसावर आपली घरं उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण उसाला टाकलेला युरिया सगळा पीक घेत नाही. उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो. शोषखड्डे आणि उकिरडे आपली भर घालतात ती वेगळीच.

ती लाल नळी हातात धरून भाचा हसत होता. मी हसले नाही. घरात दोन महिन्यांचं बाळ होतं, माझ्या मोठ्या भाच्याची मुलगी. बाळंतपणानंतर सून आजारी पडली, दूध कमी पडलं, म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं होतं. ते दूध आम्ही बोअरच्या पाण्यात कालवत होतो. उकळून, चांगलं वीस मिनिटं खळखळ उकळून. उकळायचं काम माझंच.

बहिणींनो, हे नीट वाचा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढ्याच पाण्यात ते दाट होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवात शेतावरच्या विहिरींचं पाणी दिलेल्या बाळांमध्ये हे दिसल्याचं एका डॉक्टरने १९४५ मध्ये लिहिलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका जास्त. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आईच्या दुधातून मात्र ते फारसं उतरत नाही.

त्याच संध्याकाळी बाळाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठ, जीभ, नखं पाहिली. बाळ ठीक होतं, अल्हम्दुलिल्लाह. पाणी लगेच बदला, एवढंच म्हणाले. माशांच्या किटवर विसंबून न राहता बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. तिथूनही मर्यादेच्या वरचाच आकडा आला. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलेलं आहे, आपल्या ग्रामपंचायतीत विचारा. अहवाल वाचताना एक पाहा: काही ठिकाणी आकडा नायट्रेटचा नसून त्यातल्या नायट्रोजनचा असतो. तिथले १० म्हणजे इथले ४५.

आता घरात आरओ बसवला आहे. नायट्रेटवर साधा कँडल फिल्टर किंवा निळ्या दिव्याचं यंत्र चालत नाही, आरओ चालतो. पण त्यातही गोम आहे. बऱ्याच घरगुती यंत्रांत टीडीएसचा एक खटका असतो, चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. कारागिराकडून तो बंद करून घेतला, मग पुन्हा नळी तपासली, रंग पिवळट आला, तेव्हाच बाळाची बाटली भरली. एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, ते फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार वाढलेले असतात.

टाकीत भर आता याच पाण्याची. भाच्याने दोन समुद्री गोगलगायी आणल्या आणि मागच्या कप्प्यात दिवा लावून गुंतवळासारखं एक शेवाळ मुद्दाम वाढवलं. ते खत खातं, दगडांवरच्याला उपाशी ठेवतं. वाढलं की मूठभर कापून फेकायचं. दुकानदार त्याला जिवंत प्रवाळही देऊ करत होता. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घेऊ नका, फुकट दिलं तरी.

दगड साफ व्हायला दोन महिने लागले. मागच्या काचेवर एक हिरवा पट्टा अजून आहे. भाचा तो घासायला गेला, मी राहू दे म्हटलं, गोगलगायींनाही काहीतरी खायला हवं.