बॅटरीचा दाखला, सेक्रेटरीची सही

जुन्या पेट्रोल गाडीचा सौदा कसा होतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. त्याने बॉनेट उघडून इंजिनाला कान लावायचा, ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवायची, सायलेन्सरचा धूर बघायचा आणि मान हलवत ‘काम निघेल’ म्हणायचे. मग पंचवीस हजार उतरतात. जुन्या इलेक्ट्रिक गाडीपुढे मात्र हाच मेकॅनिक हाताची घडी घालून उभा राहतो. ऐकायला आवाज नाही, बघायला धूर नाही. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा फरशीखालच्या बंद पेटीत आणि त्या पेटीची खरी हकिकत सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपमध्ये.

टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही या दोन्ही गाड्या २०२० च्या जानेवारीत बाजारात आल्या. पुढच्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने आपले ईव्ही धोरण जाहीर केले. पहिल्या दहा हजार चारचाकींना बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे ५ हजार रुपये, कमाल दीड लाख. घाई करणाऱ्याला वर आणखी लाखापर्यंत. रस्ताकर माफ. त्या वेळच्या या गाड्या आता दुसऱ्या हाती जाऊ लागल्या आहेत. सरकारी मदतीचा मोठा वाटा पहिल्या मालकाच्या पदरात पडला आणि त्याबद्दल तक्रार नाही, कारण नवे वाहन आधी घेणाऱ्याने धोका पत्करलेला असतो. पण खर्च केलेल्या त्या जनतेच्या पैशाचे खरे फळ मिळायचे असेल, तर ती गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर चालली पाहिजे. म्हणजे तिला दुसरा आणि तिसरा मालक मिळाला पाहिजे. धोरणात नेमका हाच माणूस कुठे दिसत नाही.

पहिली अडचण हमीची. सुरुवातीच्या नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी होती. २०२१ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीची हमी २०२९ च्या दिवाळीला संपणार. अलीकडे कंपन्या बॅटरीला ‘आजीवन’ हमी देऊ लागल्या आहेत, पण बारीक अक्षरांत पाहिले तर ती पहिल्या मालकापुरती. एमजी विंडसरचेच उदाहरण घ्या. पहिल्या मालकाकडे असेतो आजीवन, गाडी विकली की आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच. आरसीवरचे नाव बदलले एवढ्यावर हमी आक्रसते. ही अट कंपनीच्या हिशेबाला सोयीची असेल, पण जुन्या गाडीचा भाव पाडण्याचा याहून सोपा उपाय नाही. आणि जुनीचा भाव पडला की नवी घेणाराही कचरतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर. बॅटरीची उरलेली ताकद किती, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. डॅशबोर्डवरचा ‘अजून २१० किलोमीटर’ हा आकडा बॅटरीचे आरोग्य सांगत नाही. आधीचा चालक कसा चालवत होता, त्यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज असतो. विकणाऱ्याने आठवडाभर सावकाश, एसी बंद ठेवून चालवली की आकडा गोजिरा दिसतो. खरी परीक्षा सोपी, पण वेळखाऊ. गाडी शंभर टक्के भरायची, वीस टक्क्यांपर्यंत चालवायची आणि परत भरताना किती युनिट लागले ते मीटरवर बघायचे. ३०.२ युनिट क्षमतेच्या बॅटरीत ऐंशी टक्के म्हणजे सुमारे २४ युनिट. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर त्याहून थोडे जास्तच दिसायला हवे. विसातच टाकी भरली, तर पेटी आटलेली आहे. त्यातही नेक्सॉनसारख्या गाड्यांमधल्या लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाचा एक चकवा आहे. त्याचे व्होल्टेज चार्जच्या मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे गाडी बरेच दिवस पूर्ण भरली नसेल तर दाखवलेला टक्काच चुकीचा असू शकतो. बॅटरीतल्या शेकडो सेलपैकी काही अशक्त असतील तर वीस टक्क्यांवरून गाडी एकाएकी खाली येते, आणि ते बहुधा घाटात कळते.

आता कोणता विक्रेता अनोळखी माणसाला दिवसभर गाडी आणि रात्रभर चार्जर देईल? म्हणूनच दाखला हवा. गंमत पाहा. पंधरा वर्षांच्या खटारा पेट्रोल गाडीलाही पीयूसी लागते. इलेक्ट्रिक गाडीला ती माफ आहे आणि ते योग्यच. पण हस्तांतराच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० भरताना बॅटरीबद्दल एक ओळही लिहावी लागत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत १८ फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा केला आहे. आपल्याकडे एवढा डौल नको. अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडीच्या बॅटरी-व्यवस्थापन यंत्रणेतून थेट काढलेला एक पानी अहवाल, ठरलेल्या शुल्कात, मागेल त्या मालकाला द्यावा, एवढे बंधन पुरे आहे. (पीयूसी गाडी न आणताही कशी मिळते, हे सर्वांना माहीत आहे, म्हणून हे काम पेट्रोल पंपावरच्या टपरीला देऊ नये.) माहिती गाडीत तयार होते, गाडी मालकाची, तर माहिती कंपनीची कशी?

हा अहवाल नसल्यामुळे टॅक्सी म्हणून राबलेल्या गाड्याही घरगुती गाड्यांच्या रांगेत उभ्या राहतात. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे व्यावसायिक, पांढरी म्हणजे खासगी; पण वाहनाचा प्रकार बदलून घेतला की अक्षरेही पांढरी होतात. रोज दोनदा फास्ट चार्जिंग झालेली बॅटरी आणि रोज रात्री घरी संथ भरलेली बॅटरी यांच्यात फरक पडतो. आरसीचा इतिहास बघावा तो यासाठी.

करांच्या बाबतीत आकांडतांडव करण्याजोगे काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर १२ वरून १८ टक्के केला तेव्हा समाजमाध्यमांवर बराच धुरळा उडाला. तो कर विक्रीच्या धंद्यात नोंदणी असलेल्याला, आणि तोही फक्त नफ्यावर. आठ लाखांना घेऊन नऊला विकली तर १८ हजार. शेजाऱ्याकडून घेतली तर शून्य. रक्कम छोटी आहे, पण नव्या ईव्हीला ५ टक्के आणि जुनीच्या नफ्यावर १८, यातून सरकारचा कल कुठे आहे ते दिसते.

समजा बॅटरी चांगली निघाली. आता प्लग. इथे पहिला गोंधळ विक्रेतेच घालतात. ‘साडेसात किलोवॅटचा वॉल बॉक्स लावा, झटपट भरेल’ असे सांगून हजारो रुपयांचे उपकरण गळ्यात मारले जाते. पण घरच्या विजेवर गाडी किती वेगाने भरायची ते भिंतीवरचा डबा ठरवत नाही. गाडीच्या आतला चार्जर ठरवतो. २०२० ची नेक्सॉन ३.३ किलोवॅटच्या वर घेतच नाही. तिच्यापुढे कितीही मोठा डबा टांगा, ती रात्रभरच खाणार. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने आधी गाडीची भूक विचारावी. आणि शहरात रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला लागतात सहा-सात युनिट. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर दोन-अडीच तासांचे काम.

पैसे घालायचे असतील तर ते वायर आणि अर्थिंगवर घालावेत. गीझर दहा मिनिटांत बंद होतो, गाडी आठ तास सलग तेवढीच वीज ओढते. सैल सॉकेट, पातळ वायर, अर्धवट आवळलेला स्क्रू यांची परीक्षा अशा वेळी होते आणि प्लग पहाटे चारला वितळतो. अर्थिंग नसेल तर बहुतेक गाड्या चार्ज घ्यायलाच नकार देतात. जुन्या इमारतीत इलेक्ट्रिशियन मग मीठ-कोळशाचा नवा खड्डा काढायला सांगतो; ते ऐकावे. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र जाड तांब्याची केबल, स्वतःचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एवढे झाले की काम झाले.

आणखी एक हिशेब बरेच जण विसरतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या घरात हजार किलोमीटरची गाडी आली की दीडशे युनिट वाढतात आणि घर ३०० च्या उंबरठ्यापलीकडे जाते. ईव्ही चार्जिंगला वेगळी दरवर्गवारी आहे. स्वतंत्र मीटर कुणाला परवडेल, ते घरातल्या वापरावर ठरेल. पण केबल टाकण्याआधी जुने बिल समोर घेऊन बसावे.

आणि मग सोसायटी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मिळाला. महानगरात तीन दिवस, इतर शहरांत सात, ग्रामीण भागात पंधरा, अशी नव्या जोडणीची मुदतही आली. कागदावर सगळे चोख. पण वीज कंपनीचा माणूस गेटवर येऊन थांबतो, कारण केबल जिथून न्यायची ती भिंत सामाईक आहे आणि सेक्रेटरींचे उत्तर ठरलेले: ‘सर्वसाधारण सभेत विषय घेऊ.’ सभा सप्टेंबरात.

हरकती तीन असतात. ‘लोड येईल’: तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर बसवताना कुणी कधी ना-हरकत मागितली? ‘आग लागेल’: २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यात लोहगावला स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ अजून सदस्यांच्या फोनमध्ये आहेत. ही भीती अगदीच अनाठायी नाही, पण तिचे उत्तर नीट बसवलेला पॉइंट हेच आहे. पॉइंट नाकारला की लोक दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतात, आणि भर पावसात तो बोर्ड वीट ठेवून झाकलेला असतो. समितीने आगीचा धोका टाळला की ओढवून घेतला? तिसरी हरकत, ‘उद्या सगळेच मागतील’, हीच तेवढी खरी आहे. साठ गाड्या एकाच वेळी रात्री दहाला लागल्या तर इमारतीची मुख्य केबल आणि मंजूर भार अपुरा पडेल. त्यावर उपाय एकाला नाही म्हणण्याचा नाही. पार्किंगसाठी एकच वेगळे पॅनेल, प्रत्येकाला सबमीटर, भार वाटून देणारी यंत्रणा आणि खर्च वापरणाऱ्यांत विभागून, असा तो आहे. नव्या इमारतींना पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी ठेवणे राज्याने बंधनकारक केले आहे. पण जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा जुन्याच इमारतीत राहतो.

वीज कंपनीला तीन दिवसांची मुदत लागू होते, मग व्यवस्थापक समितीला का नाही? सहकार खात्याने एक साधा आदेश काढावा: ईव्ही पॉइंटच्या अर्जाला तीस दिवसांत लेखी उत्तर, नकार असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे तांत्रिक कारण जोडून, उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. ‘सभेत घेऊ’ हे तांत्रिक कारण धरू नये.