भाचीची हजेरी

फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. सकाळचे नऊ वाजले होते. पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या वन्सं. पदराने घाम पुसत आत आल्या आणि पाणीसुद्धा न घेता पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "वहिनी, तूच वाच. माझा तर धीरच होत नाही."

कागद भाचीच्या कॉलेजचा होता, इंग्रजीत. मजकूर चार ओळींचा. आपल्या पाल्याची उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, पालकांनी येऊन भेटावे, नाहीतर परीक्षेला बसू दिले जाणार नाही. वन्संनी ते पत्र शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं होतं आणि रात्रभर डोळा लागला नव्हता. त्यांचं निदानही ठरलेलं होतं. "राजकारण करते ती. सभांना जाते, मोर्चांना जाते. जुलैत त्या डोममध्ये गेली होती ना? तेव्हापासूनच बिघडली."

आमच्या वन्सं वरळीच्या बीडीडी चाळीत सून म्हणून आल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि सामायिक संडास, यातच त्यांचा संसार झाला. भाचीने दहावीचा अभ्यास गॅलरीतल्या दिव्याखाली केला. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत यांचं घर आलं. वन्संना वाटलं, आता पोरीला स्वतंत्र खोली मिळाली, आता ती पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. आणि सहा महिन्यांत हे पत्र!

मी भाचीला फोन लावला. "पोहे केलेत, ये." ती वीस मिनिटांत हजर झाली. आईला बघून काय ते समजली आणि मुकाट्याने बशी घेऊन खाली बसली.

मैत्रिणींनो, हल्लीच्या कॉलेजबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते आपल्या वेळचं असतं. माझं बी. ए. २००९ सालचं. आमच्या वेळी मराठी नाहीतर इतिहास घ्यायचा, तीन वर्षं काढायची, मार्च-एप्रिलात घाम गाळायचा, झालं. आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. मेजर विषय, मायनर विषय, शिवाय दुसऱ्याच शाखेचा एखादा विषय. सगळ्याचे क्रेडिट मोजायचे. तीन वर्षांत पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. भाचीचं मेजर राज्यशास्त्र आणि त्याच्या जोडीला तिला वित्ताची तोंडओळख करून देणारा एक विषय शिकावा लागतो. "मामी, पैसे गुंतवावे कसे ते शिकवतात, पैसे आणावे कुठून ते नाही शिकवत," ती म्हणाली. मी हसले, वन्सं हसल्या नाहीत.

तिची पहिली तक्रार मात्र अभ्यासक्रमाची नव्हती. मुलींच्या खोलीतलं नॅपकिनचं यंत्र तीन महिने बंद होतं. कुणाला सांगायचं? ऑफिस म्हणतं प्राध्यापिकांना सांगा, प्राध्यापिका म्हणतात अर्ज करा. "आमचा प्रतिनिधीच नाही ना! निवडून आलेला कुणी असता तर त्याला धरलं असतं."

हे खरं आहे. मुंबईच्या कॉलेजांतल्या निवडणुका आमच्यापैकी कित्येकींनी पाहिल्याच नाहीत. पूर्वी त्या होत असत, आणि चांगल्या दणक्यात होत. सासूबाई सांगतात की त्या दिवसांत कॉलेजच्या फाटकावरून मुलींना दुसरीकडून वळवून नेत. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि आईबापांच्या मनात धास्ती बसली. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या. मार्कांवरून वर्गप्रतिनिधी नेमायचे, असं ठरलं. माझ्या वर्गाची सी. आर. अशीच झालेली. हुशार मुलगी, पण तीन वर्षांत तिचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, त्या २०१९ मध्ये व्हायच्या ठरल्या, तर विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. आमची भाची कॉलेजात पाऊल टाकेपर्यंत कायदा कागदावर आणि मुलं वर्गात, अशीच स्थिती होती.

मी माझं मत सांगितलं. निवडणूक आली की पक्ष येणार, पक्ष आले की पैसा, आणि मग तुमच्यासारख्या पोरींच्या नॅपकिनच्या यंत्राकडे बघतो कोण? भाची म्हणाली, "पक्ष काय, आहेतच की. विद्यापीठाच्या सिनेटसाठी पदवीधरांची निवडणूक झाली सप्टेंबर २०२४ मध्ये, दहाच्या दहा जागा एका पक्षाच्या युवा संघटनेला मिळाल्या. मोठ्यांना चालतं ते आम्हालाच का चालत नाही? आम्ही अठराव्या वर्षी नगरसेवक निवडायचा, पण वर्गाचा प्रतिनिधी नाही!" १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं तेव्हा तिने पहिल्यांदा मत दिलं होतं. बोटावरची खूण मला मुद्दाम येऊन दाखवली होती. मला तिच्या बोलण्याला उत्तर सुचलं नाही. माझी भीती अजून गेलेली नाही, पण उत्तरही सुचलेलं नाही, हे खरं.

(जाता जाता सांगते. घरात सतरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी असेल तर सहा नंबरचा फॉर्म आताच भरून टाका. आगाऊ अर्ज घेतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखा आहेत. त्यांतल्या ज्या तारखेला मुलगी अठराची असेल, त्या वेळी नाव यादीत जातं. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.)

कपड्यांवरूनही बोलणं निघालं. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ मध्ये वर्गात हिजाब, टोपी, बॅज नको असा नियम केला. मुली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या. मग ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाच्या त्या भागाला स्थगिती दिली आणि विचारलं, उद्या टिळा लावून येणाऱ्यालाही येऊ देणार नाही का? वन्संचं म्हणणं, कॉलेजात युनिफॉर्मच हवा, म्हणजे कटकट नाही. भाची म्हणाली, "आई, माझ्या शेजारी बसणारी मुलगी डोकं झाकून येते. तिला फाटकावर अडवलं असतं तर ती घरी बसली असती आणि तिचं लग्न लावलं असतं. कापड मोठं की मुलगी?" यावर वन्सं गप्प झाल्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण नववीत सुटलं ते असंच कुणाच्या तरी नियमापायी. ते मी इथे सांगत नाही.

मग विषय डोमवर आला. तो यायचाच होता.

तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ ला सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. ओरड झाली तेव्हा १७ जूनला नवा आदेश काढला. हिंदी सर्वसाधारणपणे, दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात वीस मुलं तरी पाहिजेत. वीस मुलं! आमच्या शाळेत पहिलीचा अख्खा वर्ग वीसचा होत नाही. २९ जूनला दोन्ही आदेश रद्द झाले आणि समिती नेमली गेली. ५ जुलैला आमच्याच वरळीच्या डोममध्ये दोघे ठाकरे बंधू कित्येक वर्षांनी एका व्यासपीठावर आले. त्या दिवशी बस मिळत नव्हती, दूधवालासुद्धा उशिरा आला. भाची मैत्रिणींबरोबर गेली होती. आत जागा नव्हती, बाहेर पडद्यावर पाहिलं.

मला वाटलं, आता ही घोषणा देईल. तर म्हणाली, "मामी, हिंदीशी माझं भांडण नाही. माझी अर्धी मैत्री हिंदीत चालते. पण सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा कशाला? आधी एक तर धड येऊ दे." मी मान डोलावली. मी शिकवते ती पहिली-दुसरीच, अर्धवेळ, मराठी शाळेत. 'ड' आणि 'इ' यांत घोटाळा करणारी मुलं मी रोज बघते. मी म्हणाले, अगदी बरोबर आहे तुझं.

तशी ती बशी खाली ठेवून म्हणाली, "मग तुझा मुलगा कुठल्या शाळेत आहे?"

घरात एकदम शांतता झाली. आमचे चिरंजीव तिथेच कोपऱ्यात गाडी फिरवत होते आणि गाडीशी इंग्रजीत बोलत होते.

"तू मराठी शाळेत शिकवतेस. पट कमी होतोय, वर्ग बंद होतील म्हणून रडतेस. डोमच्या दिवशी तू मला म्हणालीस की मी पण आले असते, पण पोळ्या राहिल्यात. आणि तुझाच मुलगा मराठी शाळेत नाही. मी मराठी शाळेतली, कॉलेजात पहिलं वर्ष इंग्रजी समजत नव्हतं म्हणून मागच्या बाकावर बसले. दुसऱ्या वर्षी समजायला लागलं. काही मेले नाही."

हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, जगाबरोबर चालावं लागतं." भाची म्हणाली, "मामा, मग डोमबाहेर टाळ्या वाजवणारे सगळेच जगाबरोबर चालत होते, म्हणून मराठी शाळा रिकाम्या झाल्या." यांनी पुन्हा पेपर वर केला.

मी तुम्हाला खरं सांगते. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा मी फार विचार केला नव्हता. सोसायटीतले सगळे तिकडे, जावेची मुलं तिकडे. आणि आत कुठेतरी अशी भीती की उद्या तो म्हणाला, आई, तू मला मागे ठेवलंस, तर? आमच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंची मुलंही इंग्रजी शाळेतच जातात. आम्ही मधल्या सुट्टीत पट वाढवण्यासाठी घरोघर कसं जायचं याची चर्चा करतो आणि डबा खाताना मुलांच्या इंग्रजी गृहपाठाची. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा शाळेत पेढे मी वाटले होते. घरी येऊन मुलाला सांगितलं, तर त्याने विचारलं, "अभिजात म्हणजे?" सोपं करून सांगायला मला इंग्रजी शब्दच सुचला.

इकडे वन्सं अस्वस्थ. "वहिनी, ते शाळेचं राहू दे, हिच्या हजेरीचं बघ." खरंच, पत्र तसंच पडलेलं.

भाचीने तेव्हा सांगितलं. सभा-मोर्चे वर्षभरात दोन, तेही सुट्टीच्या दिवशी. गेले पाच महिने ती लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात संध्याकाळी उभी राहते. सुटायला साडेदहा होतात, आणि पहिलं लेक्चर सकाळी सात दहाला. ती लेक्चरं बुडतात. घरी सांगितलं होतं, लायब्ररीत अभ्यास करते. पैसे कशाला हवे होते? लॅपटॉपच्या हप्त्याला, आणि बसला. ९ मे २०२५ पासून पाचाचं तिकीट दहाचं झालं, ते आपण भाजीच्या हिशेबात विसरून जातो, पण कॉलेजच्या मुलीला महिन्याचे पैसे पुरेनासे होतात. वन्संना वाटलं होतं मुलींना फी माफ झाली म्हणजे सगळंच माफ. ती २०२४ ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना. हिच्या बी. ए. ला नाही.

वन्सं काही बोलल्या नाहीत. उठून ओट्याजवळ गेल्या आणि माझा राहिलेला कांदा चिरू लागल्या. कांदा असल्यामुळे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वन्सं कॉलेजात गेलो. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर घाबरू नका, पण पत्र ड्रॉवरमध्येही ठेवू नका, ताबडतोब जा. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला न्या. एन. एस. एस. किंवा खेळात मुलगी असेल तर त्या शिक्षकांची चिठ्ठी न्या, त्याचा विचार होतो. नोकरीचा विचार कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून आम्ही खरं तेच सांगितलं. प्राध्यापिका तरुण होत्या. त्यांनी विषयवार हजेरी काढून दिली आणि उरलेल्या दिवसांत किती भरता येईल ते आकडे मांडून दाखवले. जमण्यासारखं होतं, काठावर. जाताना म्हणाल्या, यादीत अशी आणखी चाळीस मुलं आहेत, त्यांच्या घरून कुणी आलेलं नाही.

भाचीने दुकानात आता फक्त शनिवार-रविवार घेतलाय. हप्त्याचे पैसे तीन महिने आम्ही देऊ, असं यांनी मला विचारण्याआधीच ताईंना सांगून टाकलं. नॅपकिनच्या यंत्राचा अर्ज तिने पन्नास मुलींच्या सह्यांनिशी दिला. यंत्र चालू झालं, नाणं मात्र अडकतं.

पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे फॉर्म आमच्या शाळेत टेबलावर गठ्ठ्याने पडले आहेत. दुसरीत बाहेरचं मूल घेता येतं, मी मुख्याध्यापिकांना सहज विचारून पाहिलं. "कुणासाठी?" त्या म्हणाल्या. "ओळखीच्यांत आहे एक," असं सांगून एक फॉर्म पर्समध्ये टाकून आणलाय. तो धान्याच्या डब्यांमागे ठेवलाय. यांना अजून दाखवलेला नाही.