रोप, फलक, फोटो आणि भागीदारी

शहरातल्या मुलांना पर्यावरण शिकवायचं तर समाजाची भागीदारी हवी, याबद्दल हल्ली कुणाचंच दुमत नाही. शाळा, महापालिका, कंपन्यांचे सीएसआर विभाग, स्वयंसेवी संस्था, सगळे हा शब्द वापरतात. माझं भांडण शब्दाशी नाही, भागीदार म्हणून कुणाला बोलावलं जातं याच्याशी आहे.

पुण्यातला ५ जून बघा. कंपनी रोपं आणि टोप्या देते, संस्था प्रशिक्षक पाठवते, शाळा मुलं पुरवते. बऱ्याच वर्षी पाऊस अजून शहरात पोचलेलाही नसतो, तरी रोपं लागतात, कारण तारीख ठरलेली असते. फलक धरून फोटो निघतो आणि अहवालात 'स्थानिक समाजाचा सहभाग' असं लिहिलं जातं. त्या फोटोत फक्त स्थानिक समाज नसतो.

आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या विषयाचं नावच 'परिसर अभ्यास' आहे. किती नेमकं नाव! पण परिसर पुस्तकात राहतो आणि शाळेच्या भिंतीपलीकडचा ओढा अभ्यासाबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००३ साली पुन्हा बजावलं. त्यातून आपण काय उभं केलं? गुणांसाठीची प्रकल्पवही. ती अनेक घरांत आईबाप लिहितात, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळते.

आंबिल ओढ्याचं उदाहरण घेतो. कात्रजच्या डोंगरातून येऊन तो शहराच्या दक्षिण भागातून मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला गेला. पुढे शहर त्याच्या काठावर आणि मग पात्रातही सरकलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं मेली. भूगोल, इतिहास, नगररचना आणि नागरिकशास्त्र एका ओढ्यात आहे, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रात्री पाणी कुठवर चढलं, आधी कुठली भिंत पडली, हे काठच्या वस्तीतल्या बायका बोट ठेवून दाखवू शकतात. पण व्याख्यानाला त्यांना कुणी बोलावत नाही. त्या 'लाभार्थी' असतात, आणि लाभार्थ्याने शिकायचं असतं, शिकवायचं नसतं.

हे उलटं करता येतं, याचा दाखला याच शहरात आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या शिक्षण प्रकल्पातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना आणि बायकांना साक्षर करायला गेल्या. शिकवता शिकवता त्याच शिकल्या, की या बायकांची पहिली गरज बाराखडी नव्हे, स्वच्छ वर्गीकृत कचरा आणि कामगार म्हणून मान ही आहे. त्यातून १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था, जिच्याशी महापालिकेने २००८ साली करार केला. मी भागीदारी म्हणतो ती ही. शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलल्या.

आज त्याच बायका सोसायट्यांच्या दारात रोज येतात. कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं जात नाही, हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळतं. आणि आपण मुलांना कचऱ्याचं वर्गीकरण शिकवायला भाड्याने माणूस आणून स्लाइड्स दाखवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: काहीच नसण्यापेक्षा निदान रोपं तरी लागतात ना? मला हा युक्तिवाद पटत नाही. या कार्यक्रमांनी जागा अडते. मुलांना एकच धडा मिळतो, की प्रदूषण म्हणजे तुझी वाईट सवय. तू नळ बंद कर, पिशवी घेऊन जा. ओढ्याच्या पात्रात बांधकामाला परवानगी कुणी दिली, हा प्रश्न पडण्याआधीच मिटतो. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हे मात्र खरं. म्हणून तर त्यांना परिसरातली माणसं सोबतीला हवीत, आणखी एक दिनविशेष नको.

'मुलांना राजकारणात ओढू नका' हा दुसरा आक्षेप. कार्यक्रमाला नगरसेवक पाहुणे म्हणून येतात तेव्हा ते राजकारण नसतं, मुलं त्यांना प्रश्न विचारतात तेव्हा मात्र असतं!

मागण्या अवघड नाहीत. कचरावेचक, माळी, ओढ्याकाठचे रहिवासी यांना वर्गात पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा आणि प्रशिक्षकाला देता तेवढंच मानधन द्या. मुलांनी वर्षभर एकच ओढा किंवा एकच कचराकुंडी बघावी आणि जे दिसलं ते क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावं. कार्यालयाने लेखी उत्तर द्यावं. पुणे महापालिकेत नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची पद्धत २००६ पासून आहे. त्यात शाळेच्या परिसरातली कामं मुलांनी सुचवावीत, आणि नाकारली तर कारण कळावं.

ज्या भागीदारीत मुलाच्या पत्राला उत्तर देणं कुणावरच बंधनकारक नाही, तिला भागीदारी म्हणू नका. समारंभ म्हणा आणि चहा देऊन मोकळे व्हा.