फडातली काणी आणि घरातला ताप



उसात काणी दिसली की सभासद आपणहून कळवत नाहीत, हा आमचा जुना अनुभव आहे. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर आला की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. तरी माणूस गप्प बसतो. बेण्याचा प्लॉट नापास होईल, भावकी हसेल, ही भीती. मग वारा सुटतो, काळी भुकटी शेजारच्या फडात जाते आणि एकाचे दुखणे साऱ्या शिवाराचे होते.

करोनाच्या घरगुती चाचणीचेही आपल्याकडे असेच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या किटला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे 2021 मध्ये मान्यता दिली. तेव्हा किंमत 250 रुपये होती. नाकात काडी फिरवायची, नळीतल्या द्रवात बुडवायची, दोन थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. ‘सी’ आणि ‘टी’ या दोन्ही खुणांपुढे रेघ उमटली तर लागण आहे असे धरायचे. पुन्हा तपासणीची गरज नाही. मात्र ताप-खोकला असून ‘टी’ची रेघ आली नाही, तर निर्धास्त न होता आरटीपीसीआर करून घ्यायची. शेताच्या एकाच कोपऱ्यातली माती तपासून सगळे रान चांगले म्हणता येत नाही, तसेच हे.

उमदीच्या माणसाला मिरज शंभरावर किलोमीटर पडते. अशा जत तालुक्याला घरात होणारी चाचणी मोठ्या सोयीची होती. पण गावोगाव फिरताना आम्हांला किट घेणारे थोडे दिसले आणि निकाल सांगणारे त्याहून थोडे. निकाल मोबाईलच्या ॲपवर भरायचा होता. साधा फोन असलेल्या घराने काय करायचे? रोजावर जगणाऱ्याला 250 रुपयेही जड. पण खरे कारण आम्हांला एका बांधावर ऐकायला मिळाले. “सायेब, रेघ आली तर टोळी बंद पडंल. टोळी बंद पडली की माझा ऊस फडात वाळंल. त्यापरास न बघितलेलं बरं.”

त्या माणसाला अडाणी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. 2021-22 च्या हंगामात राज्यात ऊस उदंड होता, गाळप जूनपर्यंत लांबले. हातची तोड गेली तर पुन्हा कधी येईल, याची खात्री कोण देणार होते? आम्ही तरी दिली होती काय? उलट फडावर खोकणारा तोडकरी दिसला तरी तोड चालू राहावी म्हणून आम्हीच पुढे सरकलो. हे कबूल केलेले बरे.

शहरे शहाणी आणि खेडी मागास, असेही नाही. जानेवारी 2022 मध्ये मुंबईत किट धडाधड खपले. पण निकाल सगळे कळवत नाहीत म्हणून महापालिकेला औषध दुकानदारांकडून विक्रीचा हिशेब मागावा लागला. इंग्लंडात तर किट फुकट होते. तिथे मे 2021 अखेरपर्यंत सुमारे 69 कोटी चाचण्या वाटल्या गेल्या, पण निकाल नोंदले गेले ते 9 कोटी 60 लाखांच्या आसपास. म्हणजे किट स्वस्त करून किंवा फुकट वाटून काम संपत नाही. निकाल सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही, एवढी हमी मिळाली तरच माणूस तोंड उघडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी मे 2023 मध्ये उठवली. मग आता हा विषय कशाला, असे कोणी विचारील. साथ चालू असताना नियम ठरवायला कुणाला सवड नसते, म्हणून आता. आमच्या मते तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. आजारपण कळवून टोळी थांबली तर त्या सभासदाचा तोडणी प्रोग्राममधला नंबर जाऊ नये. शेतकी खात्याने दुसरी टोळी द्यावी. थांबलेल्या तोडकऱ्याला तेवढ्या दिवसांचा किराणा मिळावा आणि ते पैसे उचलीत धरू नयेत. गट ऑफिसात किट ठेवावे, आणि ज्याच्याकडे ॲप नाही त्याचा निकाल आरोग्य केंद्राला कळवायला आमच्या माणसाने मदत करावी.

याला खर्च येईल. तो सभासदांच्याच घामाचा पैसा आहे, म्हणून वार्षिक सभेत यावर उघड बोलावे. आपल्या जत तालुक्यातूनही कितीतरी जोड्या कोयता घेऊन दुसऱ्यांच्या फडावर जातात. तिथे त्यांना जशी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, तशीच आपल्या फडावर आलेल्यांना आपण द्यावी.

काणीचे बेट दिसले की चाबकावर पिशवी घालून ते मुळासकट उपटा, असे आम्ही सांगतो. पण आधी मालकाने हाक मारली पाहिजे. हाक मारणाऱ्याचे नुकसान होणार नाही, हे पाहणे आपल्या सगळ्यांचे काम आहे.