साधनांची सबब

दृढीकरणाच्या तयारीसाठी आलेल्या मुलांना मी गेल्या वर्षी शुभवर्तमानातील एक उतारा वाचावयास दिला. तेरा-चौदा वर्षांची मुले. पण निम्म्यांनी तो अक्षरे लावीत लावीत वाचला, आणि एका मुलीने तर रोमन लिपीत लिहून मिळेल का, असे विचारले. पालकांशी बोललो तेव्हा उत्तर आले : "फादर, मुले इंग्रजी माध्यमात. मराठी शिकवायची कशी? तशी साधनेच कुठे आहेत?"

ही सबब मला मान्य नाही. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयापाशी मराठीचे छापील व्याकरण नव्हते, छापील कोशही नव्हता. लोकांमध्ये राहून त्याने भाषा आपलीशी केली आणि १६१६ साली त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून तेही रोमन लिपीत! त्या मुलीची मागणी स्टीफन्सला नवी वाटली नसती. परंतु त्याचा नाइलाज होता, आपला नाही.

पुढे साधने उभी केली तीही बहुतांशी परक्यांनीच. विल्यम कॅरीचे व्याकरण १८०५ चे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. तो आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकरांच्या साहाय्याने इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके व व्याकरण तयार केले. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. २०२० च्या कायद्याने तर राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे विषय आहे, शिक्षक आहे, पुस्तक आहे. आपण मात्र तो गुणांपुरता ठेवला आहे.

आणि सर्वांत मोठे साधन घरातच बसलेले असते. आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते. नातवाला ती समजते. अशा मुलाला 'ते मूल' नपुंसकलिंगी का, किंवा 'घोडा' शब्दाला 'ला' लागताच 'घोड्याला' का होते, हे परकीयासारखे घोकावे लागत नाही. परंतु आई-वडील त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलतात, आणि आजी हळूहळू गप्प होते.

यात काय हरवते? प्रभूच्या प्रार्थनेत पिता 'आमच्या' असतो, 'आपल्या' नसतो. 'आपला' म्हटले की ऐकणाराही त्यात येतो. देवाशीच बोलताना तसे म्हणता येत नाही. इंग्रजीत दोहोंसाठी शब्द एकच. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली ती असा अर्थ थेट मनाला भिडावा म्हणून. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याच्यापुरती ती पुन्हा लॅटिन झाली आहे.

मी इंग्रजीचा वैरी नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मीही इंग्रजीतूनच शिकलो. त्यामुळे आम्हा धर्मगुरूंची प्रवचने पुष्कळदा भाषांतरासारखी लागतात, हा दोष मी पदरी घेतो. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला! २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावरही आपण अभिनंदनाचे निरोप पाठविले. दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' मात्र कित्येक घरांत कपाटातून उतरत नाही.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर अर्धा तास चर्चच्या सभागृहात मराठी वाचनाचा वर्ग घेणार आहे. पाटी-पेन्सिल मी देईन. मुलांना दाराशी सोडून पालकांनी परत फिरू नये. त्यांनाही वाचावयाचे आहे. आणि जमेल तर आजीला सोबत आणावे.