सगळेच कुठं मरतात?

परवा तालुक्याच्या ग्रुपवर मी एक बातमी टाकली. आपल्याच भागातल्या आणखी एका शेतकऱ्यानं जीव दिल्याची. खाली एका गुरुजींनी लिहिलं, "कर्ज कुणाला नाही? सगळेच कुठं मरतात? शेवटी ज्याची त्याची मर्जी." त्याला पटापट अंगठे पडले. गुरुजी वाईट माणूस नाहीत. माझ्या पोराला त्यांनी गणित शिकवलंय, गावात कुणाच्या घरी काही झालं की सगळ्यात आधी पोचतात. म्हणून तिथं वाद घातला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

मित्रांनो, 'ज्याची त्याची मर्जी' हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही. माणूस जे करतो ते किती त्याचं आणि किती परिस्थितीचं, यावर मोठमोठे पंडित आयुष्यभर भांडले आणि त्यांचा निकाल लागला नाही. आपल्या राज्यात मात्र तो निकाल बैठकीत लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती असते. तिच्यापुढं फाईल येते आणि शेवटी दोनपैकी एक शब्द लिहिला जातो. पात्र किंवा अपात्र. नाहीतर 'फेरचौकशी', म्हणजे थांबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसाला एक लाखाची मदत मिळते. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. तेव्हा सोनं तोळ्याला दहा हजारांच्या आत-बाहेर होतं. आज सराफाच्या दुकानात जाऊन बघा आणि त्या एक लाखाचं काय येतं ते तुम्हीच मोजा. बरं, तेही मिळण्यासाठी काय लागतं? नापिकी पाहिजे. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. ते थकलेलं पाहिजे आणि वसुलीचा तगादा पाहिजे. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, बँकेचा दाखला, कृषी खात्याचा अहवाल, सगळं जोडायचं. आता आपल्याकडं अडीअडचणीला पैसे देणाऱ्या किती जणांकडं परवाना असतो, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?   म्हणजे मरायच्या आधी माणसानं सावकाराला परवाना काढायला लावावा, अशी सरकारची अपेक्षा दिसते.

पण मला नियमांपेक्षा त्यामागच्या विचाराबद्दल बोलायचंय. या फाईलला एकच गोष्ट सिद्ध करून हवी असते, की माणूस फक्त कर्जानं मेला, त्यात त्याचं स्वतःचं काहीही नव्हतं. घरात भांडण झालं होतं, पाठीचं दुखणं होतं, कधीमधी प्यायचा, यातलं एक जरी सापडलं तरी सगळा मृत्यू त्याच्या पदरात. जसं काय कर्ज असलेल्या घरात भांडणं होत नाहीत. जसं काय दुखणं, दारू आणि कर्ज ही तीन वेगवेगळ्या गावची पाहुणी आहेत!

आता माझं स्वतःचं सांगतो, त्याशिवाय हे लिहायचा मला अधिकार नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई मला शोधत आली. नाव, गाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन लेकरं, एक शेळी, शिलाई मशीन. प्रकरण अपात्र झालेलं. भावानं माहितीच्या अधिकारात फाईलची नक्कल काढली होती, ती पिशवीत घालून आणलेली. कागद चाळता चाळता मधेच एक कात्रण निघालं. सिंगल कॉलम, चार वाक्यं. 'दारूच्या नशेत आत्महत्या केल्याचे समजते.' बातमी माझी होती. तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला सरांनी सहा ककार शिकवले होते. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. नोकरीत शिकलो ते हे, की पाच ककार जागेवर जाऊन मिळतात आणि 'का' मिळतो ठाण्यात फोन केल्यावर. रात्री साडेआठला फोन केला, पलीकडून जे सांगितलं ते लिहिलं, बातमी पाठवली आणि जेवायला गेलो. गावात गेलो नाही. घरातल्या कुणाला विचारलं नाही.

मी विचारलं, "ताई, प्यायचे का ते?"

"प्यायचे की. महिन्यातून दोनदा. तुम्ही पीत न्हाई का, दादा?"

मी गप्प बसलो.

मग मी, बहुतेक स्वतःला बरं वाटावं म्हणून, म्हणलं, खरं तर तेव्हा 'कर्जाला कंटाळून' असं लिहायला पाहिजे होतं. तर ती त्यालाही तयार नाही. म्हणाली, "कंटाळणारा माणूस नव्हता तो. सोयाबीन गेलं तवा मला म्हणला, पुढच्या साली बघू. बँकेच्या सायबासमोर ताठ बसायचा. उगं लाचार करू नका त्येला."

गुरुजी, तुमच्या वाक्याचं उत्तर मला इथं अवघड व्हायला लागलं. कारण मीही इतकी वर्षं उलट्या बाजूनं तेच करत होतो. तुम्ही म्हणता सगळी त्याची मर्जी. आम्ही बातमीदार लिहितो, त्याची मर्जी नव्हतीच, तो बळी. (बळीराजा हा शब्द आपण इतका प्रेमानं वापरतो, की त्यातला 'राजा' गेला आणि 'बळी' उरला हे ध्यानातही येत नाही.) त्या बाईला दोन्ही नको आहेत. तिला नवरा शहाणासुरता, स्वतःच्या मनाचा माणूस म्हणून पाहिजे आणि ज्यांनी त्याच्यापुढचे रस्ते एकेक करून बंद केले त्यांचा हिशोबही पाहिजे. फाईलमध्ये एवढ्याला रकाना नाही.

आता 'सगळेच कुठं मरतात' याकडं येतो. खरं आहे, सगळे मरत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या उमरगा-लोहारा भागात तरी सगळे कुठं मेले? सास्तूरला एका घरात सगळी गेली आणि दुसऱ्यात वाचली. जमीन सगळ्यांखालचीच हलली होती. पण तेव्हा कुणी म्हणालं नाही की मेले ते मनानं कच्चे होते. इंजिनियर आले, त्यांनी भिंती बघितल्या. मातीत रचलेले दगड आणि वर माळवदाचं ओझं. घर कसं बांधलं होतं ते विचारलं, आणि मग बावन्न गावं नव्या जागी वसवली. कर्जानं मेलेल्याच्या बाबतीत आपण त्याचं घर कसं बांधलं होतं हे विचारत नाही. त्याचं मन कसं होतं, एवढंच विचारतो.

आणि आकडे बघा. १८९७ साली एमिल दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं आत्महत्येवरच पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक मृत्यू एकट्याचा वाटतो, पण एकेका समाजाचा आकडा वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. ज्याची त्याची मर्जी असती तर आकडा कधी इकडं, कधी तिकडं उडाला असता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी आहे: देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. दहातले जवळजवळ चार. आपल्याच राज्यातल्या माणसांची मर्जी एवढी सारखी कशी काय जुळते बरं? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि ऐन हंगामात बाजारात चार-सव्वाचार हजारांवर गाडी अडकली. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमला पाणी घरात घुसलं, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली, रानातली माती वाहून गेली. हे कुणाच्या मर्जीनं झालं?

मर्जी हा शब्द आपण वापरतो तरी कुणासाठी, तेही बघा. दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंबच्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे हिशोबात दोन माणसं नाहीतच, एक हत्यार आहे. उचल आधीच घेतलेली, फेडल्याशिवाय सुटका नाही, एक दिवस खाडा झाला तर दंड. लोक म्हणतात, मर्जीनं जातात, कुणी बांधून नेत नाही. २०१९ ला शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा तर त्यांचाच असणार. मर्जी!

उलट कारखाना बुडाला की त्याचं कारण कायम 'परिस्थिती'. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला, जिल्हा बँकेचा पैसा अडकला, ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशासाठी हेलपाटे घातले. कारखान्याला व्यसन होतं का, त्याचं घरी भांडण झालं होतं का, असं विचारायला कुठली समिती बसल्याचं मला आठवत नाही.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात चाललंय, जिथं गोरोबाकाकांचं तेर आहे. चिखल तुडवताना काका विठ्ठलाच्या नावात एवढे बुडाले, की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलेलं कळलं नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपण काय निकाल दिला? त्यांचं भान हरपलं होतं, म्हणून दोष नाही. उलट काका म्हणून पाया पडतो. मीही पडतो. भान हरपणं ही गोष्ट आपल्याला कळतच नाही असं नाही, देवापायी हरपलं तर बरोबर कळते. त्याच काकांनी थापटणं घेऊन संतांचं डोकं वाजवून बघितलं आणि कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं. समितीसुद्धा मडकीच वाजवते. फरक एवढाच, काकांनी नामदेवाला कच्चा म्हणलं ते तो पुढं पक्का व्हावा म्हणून. इथं ज्याचं मडकं वाजवायचं तो आधीच फुटलेला असतो.

कायदा तर याहून पुढं गेलाय. आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडं गुन्हा होता, कलम ३०९. मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ लाच ते घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयात ते पुन्हा टिकलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ मध्ये लिहिलंय की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ आलंच नाही. म्हणजे जो वाचतो तो ताणाखाली होता हे कायदा धरून चालतो, पुरावा मागत नाही. जो मेला त्याच्या बायकोनं मात्र कागद गोळा करून तोच ताण सिद्ध करायचा. हे मला कुणीतरी समजावून सांगा. एकाच राज्यात, एकाच माणसाबद्दल, वाचला तर एक न्याय आणि मेला तर दुसरा?

यावर कुणी म्हणेल, नियम सैल केले तर लोक पैशासाठी मरतील. हे मी चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि एका अधिकाऱ्याच्या तोंडूनही ऐकलंय. एक लाखासाठी? असं म्हणणाऱ्यानं त्या बाईसमोर बसून म्हणून दाखवावं.

एक गोष्ट गुरुजींच्या बाजूनं मान्य करतो. 'काहीच हातात नव्हतं' असं रोज छापत राहिलं तर आज जो उंबऱ्यावर बसून विचार करतोय त्याला आपण काय सांगतोय? त्याच्या हातात अजून आहे. म्हणून हेही लिहितो: मन फारच बसलं असेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शेजाऱ्याचं तसं दिसलं तर त्याच्या घरी जाऊन बसा. गुरुजी, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं करता. २०१५ ला बळीराजा चेतना अभियानासाठी सरकारनं यवतमाळसोबत आपला जिल्हा निवडला होता, तेव्हा गावोगाव कीर्तनं, पथनाट्यं झाली. त्यातलं काही चांगलंही होतं. पण धीर धरा म्हणायला कीर्तनकार आणि अपात्र म्हणायला समिती, हे दोन्ही एकाच सरकारकडून आलं की माणसानं कुणाचं ऐकायचं?

त्या बाईनं फेरचौकशीचा अर्ज केलाय. तिला माझ्याकडून पैसे नको होते, बातमीही नको होती. एक कागद पाहिजे होता. तो मी सही करून दिला: 'सदर वृत्तातील दारूच्या नशेचा उल्लेख मी प्रत्यक्ष चौकशी न करता, केवळ फोनवरील माहितीवरून केला होता.' लिहायला दोन ओळी, पण मला अख्खी दुपार लागली. सोमवारी ती अर्जासोबत जोडणार आहे, मी सोबत जातोय.

आणखी कुणाच्या फाईलमध्ये माझं असं कात्रण असेल तर घेऊन या. दुपारी चारनंतर मी स्टँडसमोरच्या ऑफिसात असतो. दुसऱ्या कुणाचं असेल तर त्या पत्रकाराकडंही सोबत येतो.